सौदा पुकारणारा बब्रुवान

सिंधूवहिनींचा फोन आला तेव्हा मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काट्यावर सोयाबीनच्या पोत्यांचं वजन करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन खिशात ठेवला, पुढचं पोतं काट्यावर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं... वजन काही डोक्यात शिरेना. शेवटी मालकांना सांगून निघालो. त्याला आता महिना होऊन गेला, पण अजूनही सौद्याची वेळ झाली की माझा पाय एका जागी ठरत नाही.

वहिनींचा नवरा, माझा मित्र बब्रुवान, सिरसाळ्याच्या मोंढ्यात सौदे पुकारायचा. ढिगापाशी उभं राहून मूठभर माल हातावर घ्यायचा आणि बोली चढवत न्यायचा. व्यापाऱ्यानं नुसती मान हलवली तरी याच्या तोंडून पुढचा आकडा निघालेला असायचा. शेतकऱ्याला थोडं जास्त मिळावं म्हणून शेवटची बोली तो मुद्दाम लांबवायचा. व्यापारी वैतागायचे आणि हसत हसत वाढवायचे. ज्या दिवशी पुकारा नाही त्या दिवशी कमाई नाही, असं ते काम.

एका सकाळी तुरीच्या ढिगापाशी तो बोलता बोलता थांबला. बोली लांबवतोय असंच सगळ्यांना वाटलं. मग हातातली तूर सांडली, तोंड वाकडं झालं... अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती.

काही महिन्यांनी तो काठीशिवाय चालायला लागला. बोलणंही परतलं. परतले नाहीत ते आकडे. मनात एक असायचा आणि तोंडातून दुसराच बाहेर पडायचा. मोंढ्यात परत आला त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या तुरीची बोली चढवता चढवता त्यानं खाली आणली. व्यापाऱ्यानं तीच धरली. म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला, आणि बब्रुवान आमच्या चेहऱ्यांकडं बघून आपण काय बोललो ते शोधत राहिला. सौदा मोडला, दुसऱ्यानं पुन्हा पुकारला. बब्रुवानला कुणी नको म्हणालं नाही. आराम कर, म्हणाले. आणि बोलावणं बंद झालं.

ना पगारी रजा, ना पेन्शन. लेकीचं कॉलेज सुटू नये म्हणून वहिनी मोंढ्यातच धान्य चाळायला जाऊ लागल्या. बब्रुवान घरात दारापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारायचा, टीव्ही लावायचा, बंद करायचा. मी गेलो की भांडायचा. एकदा म्हणाला, "बस बस म्हणतेत सगळे. काय जमतंय ते इचारत न्हाई कुणी."

आणि एक दिवस तो वहिनींबरोबर मोंढ्यात कामाला आला. दोघांनी मिळून हलवायची ती मोठी टांगलेली चाळणी. तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. डाव्या हातानं धरली, उजवा नुसता टेकवला. पुकारणारा माणूस बायांच्या कामाला आला म्हणून काही जण हसले. मला तर बघवत नव्हतं, सारखा उठत होतो, बसत होतो. संध्याकाळी आडतदारानं त्याच्या हातावर अर्धी मजुरी ठेवली. बब्रुवान हलेना. आकडा सांगायला त्यानं तोंड उघडलं, चुकला. पुन्हा उघडलं, पुन्हा चुकला... आम्ही सगळे ऐकत होतो. मग त्यानं वहिनींकडं बोट केलं.

"हिला जेवढं, मला तेवढं."

आडतदारानं पुन्हा खिशात हात घातला. उरलेले पैसे दिले.

दोन वर्षं बब्रुवाननं ते काम केलं. लेक शिकून बीडला नोकरीला लागली. तिचा पहिला पगार त्यानं पाहिला. दुसरा झटका झोपेतच आला.

परवा वहिनी पुन्हा कामावर आल्या. जोडीची बाई आली नव्हती, गहू पडून होता. मी काटा सोडला आणि समोरची बाजू धरली. पण चाळणी नीट चालेना. एका अंगाला हिसका बसायचा, गहू बाहेर सांडायचा. दोनदा थांबलो, पुन्हा सुरू केलं. "काऊन सांडतंय?" मी विचारलं.

वहिनी स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाल्या, "त्यांच्या उजव्या हाताला जोर न्हवता, भाऊजी. त्यांच्या वाटचं मीच वढायची. आता ती सवय सुटंना..."

मी माझा उजवा हात सैल सोडला, नुसता टेकवून ठेवला. चाळणी सरळ चालायला लागली.