मालकाचा नंबर

"नोंदणीत नंबर मालकाचा आहे. मेसेज त्यांच्याकडे गेला. त्यांनाच विचारा ना, आमचं डोकं काहून खाता?"

एवढं बोलून रोजगार कार्यालयातल्या बाईने फोन ठेवला. मी तलावाच्या पाळीवर उभी होते, कारण आमच्या गावात रेंज तिथेच सापडते. हा फोन लागायला अकरा दिवस गेले होते. रोज घरचं आवरून पाळीवर यायचं, नंबर फिरवायचा, वाजून वाजून बंद पडेपर्यंत ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. कपडे धुणाऱ्या बाया विचारायच्या, "लागला का वं?" एकदा कोणीतरी उचलला, "थांबा" म्हणाला आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. मला वाटलं, माझी फाइल शोधताहेत. पलीकडे कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्यात जेवायला काय ठेवायचं यावर बोलणं चाललं होतं. बराच वेळ मी ते ऐकत राहिले. मग कोणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला.

मला एवढंच विचारायचं होतं. सरकारी वसतिगृहात मदतनीसाच्या जागा भरल्या. माझ्या मागून नोंदणी केलेल्या मुलीला बोलावणं आलं, मला का नाही? तर मलाही आलं होतं. दोनदा. मालकाच्या मोबाईलवर.

मालक म्हणजे आमच्या गावच्या जुन्या मालगुजाराचा, गावाच्या जमीनदाराचा, नातू. मालगुजारी केव्हाच गेली, पण आमच्या मोहल्ल्यात त्याला अजून मालकच म्हणतात. आणि कोणताही सरकारी कागद भरताना नंबर त्याचाच देतात. आमचे फोन महिना-दोन महिन्यांत बंद पडायचे, त्याचा कधी बंद पडत नाही. शाळेचे फॉर्म, राशन, म्हाताऱ्यांची पेन्शन, सगळीकडे तोच नंबर. सही न येणाऱ्या माणसांनाही तो पाठ आहे. बारावीनंतर मी नोंदणी केली, तेव्हा कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्याच हाताने लिहिला. हा राग आधी मी स्वतःवरच काढला.

नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी येतो. म्हणजे पुन्हा मालकाचंच दार. आई सोबत आली. आम्ही दोघी अंगणात उभ्या, तो टाइल्सच्या ओट्यावर खुर्चीत.

"रोवणा होऊ दे. बाया कमी पडून राहिल्या. मंग देतो तुले ओटीपी."

दरवर्षीसारखे चार दिवस मी त्याच्या धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवले. गुडघाभर चिखल. बी.ए. झालेली मी. पाचव्या दिवशी आईसोबत पुन्हा त्याच्या अंगणात गेले आणि विचारलं, "मालक, मेसेज आला तेव्हा मले काहून नाही सांगितलं?"

तो हसला. लपवायची त्याला गरजच वाटली नाही. "सांगितलं असतं तर तू गेली असती. तू गेली का तुह्या मागं चार पोरी जातीन. मंग माह्या बांधीत कोण उतरन?"

आणि आई हसली. मोठा माणूस थट्टा करतो तेव्हा हसायचं असतं, तशी तोंडाला पदर लावून हसली. मालकाचं बोलणं मी एखादवेळ विसरेन, आईचं ते हसणं नाही. तिथे दुसरं काही करता येतं, हे तिला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. मला तिची कीव आली. आपल्याच आईची कीव यावी याचं इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले.

त्याने खिशातून मोबाईल काढला. "बोल, पाहिजे का ओटीपी?"

"नाही पाहिजे."

आई मागून म्हणत होती, "माफी माग वं मालकाची." मी मागितली नाही. घरी आले.

दुसऱ्या दिवशी मोहाडीहून एसटी धरली आणि जिल्ह्याचं रोजगार कार्यालय गाठलं. टेबलामागची बाई म्हणाली, "आधी फोन करून यायचं." मी अर्ज पुढे ठेवला. म्हणाले, "हा नंबर माझा नाही. कधीच नव्हता. बदलून द्या, नाहीतर बदलता येत नाही असं लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की त्यांना रस्ता सापडतो. संध्याकाळपर्यंत नंबर बदलला.

नोकरी मात्र गेली. जागा भरल्या होत्या, आणि पुढच्या भरतीपर्यंत माझं वय निघून जाईल. माझ्या नावाने दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा मी त्याच्याच धानात वाकलेली होते. हे दुःख कमी होत नाही. होऊही नये.

आता मी मोहल्ल्यात घरोघरी जाते. कागद बघते, नंबर बदलायचे अर्ज लिहून देते. कोणी चहा देतं, कोणी मला येताना पाहून दार लोटून घेतं. आईच्या निराधार पेन्शनवरचा नंबर बदलायचा अर्ज मी सगळ्यात आधी लिहिला. तिने अजून त्यावर अंगठा दिलेला नाही. म्हणते, "मालकाले राग येईन. मंग आपल्याले कामाले कोण बोलावन?"

येऊ दे राग. त्याच्या रोवण्याला मी पुन्हा उतरणार नाही. आणि त्याच्या मोबाईलवर आमच्या मोहल्ल्यातलं एकही नाव मी राहू देणार नाही. आईचंही नाही.