दोडक्याच्या मांडवाखाली

गच्चीआत्या कुणाच्या घरी गेली की आधी त्यांच्या मोरीत डोकवायची. चहा, विचारपूस, कोणाची बदली, कोणाची बाळंतपणं, हे सगळं नंतर. मोरीतून बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर कळायचं, हे घर पाणी वाया घालवणारं की शहाण्या माणसांचं. "तांदळाचं धुवण सरळ नालीत सोडता? अरे देवा!" असं ती म्हणाली की घरच्या सुनेनं समजून जायचं, आज दिवसभर बोलणी. तिचं तोंड बंद करणं आमच्या उस्मानपुऱ्यात कुणालाच जमलं नाही.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटली. "जन्मभर धरणाच्या पाण्याचे कागद केले, पाणी मात्र माठातच पाहिलं," असं ती स्वतःच सांगायची. निवृत्त झाल्यावर तिनं आमच्या घराची गच्ची ताब्यात घेतली. फुटके टब, डांबराची पिंपं, कुणाच्या तरी जुन्या कूलरची टाकी, जे मिळेल त्यात माती भरली आणि वांगी, चवळी, अळू, कढीपत्ता लावला. आम्ही तिला हसायचो, आणि रोज तिच्याच वांग्यांची भाजी खायचो.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहर मुकुंदवाडीच्याही पलीकडं पसरत चाललं होतं, जिकडंतिकडं प्लॉट पडत होते, आणि घरातल्या नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. बोअर कधीच आटलेले. अशा दिवसांत आत्यानं आमच्या घराला नियम घालून दिला होता. साबणाचं पाणी संडासाला, बिनसाबणाचं गच्चीला. प्रत्येकानं आपली बादली जिन्याच्या पायरीवर ठेवायची, ती येता-जाता वर न्यायची. पहिल्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा निमूट ठेवायचे. एकटे बाबा ठेवायचे नाहीत. त्यांना चंदनाचा साबण दोनदा लावल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटायची नाही. "वेलांसाठी मी पारोसा राहू का?" असं ते म्हणायचे. दोघं भावंडं यावर वर्षानुवर्षं भांडली.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. वेणीपासून अभ्यासापर्यंत माझं सगळं आत्यानंच केलं. त्यामुळं माझ्या लग्नाची गोष्ट मी आधी तिलाच सांगितली. मुलगा वैजापूरकडचा, शेतकरी घरातला, माझ्याच ऑफिसात नोकरीला. आमच्या जातीचा नव्हता. आत्यानं एकच विचारलं, "पाण्याला कसा आहे?" मी म्हटलं, गाडी ओल्या फडक्यानं पुसतो, पाइप लावत नाही. "मग चालेल," ती म्हणाली.

बाबांना चाललं नाही. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी आडवा येणार नाही. पण अक्षता टाकायलाही येणार नाही," एवढंच बोलून त्यांनी पेपर उघडला. कार्यालय घ्यायचं म्हणजे यजमान म्हणून पत्रिकेवर त्यांचं नाव, दारात त्यांनी उभं राहणं. मी रात्रंदिवस रडत होते. आत्या म्हणाली, "कार्यालय हवंय कुणाला? माझी गच्ची आहे ना. त्याच्याच डोक्यावर लग्न लावू. बघू किती दिवस खाली बसतो."

आणि ती तयारीला लागली. जेवण पत्रावळीवर, म्हणजे भांडी घासायला नकोत. हात धुवायचे ते अळूच्या वाफ्यावर. गच्ची पेलेल तेवढीच माणसं. आणि मांडव कापडाचा नाही, वेलाचा. माघात तिनं कठड्याच्या कडेनं दोडका लावला, लोखंडी पाइपांवर चढवला. वैशाखापर्यंत वर हिरवं छत तयार झालं होतं. माझ्यापेक्षा जास्त लाड त्या वेलांचे चालले होते आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटायचा.

एकदा माझे होणारे सासरे, अण्णा, जागा बघायला आले. छताखाली येऊन उभे राहिले. "औंदा आमच्या शिवारात हिरवं कायच नाय, ताई. थोडं बसू द्या इथं," असं म्हणून खालीच बसले. मग हळूच म्हणाले, "एक इचारू का? मुहूर्त सकाळचा हाय ना?"

"हो, अकराचा."

"दोडक्याचं फूल तर दिवस कलल्यावर उमलतं. सकाळी समद्या कळ्या मिटलेल्या. गिलकं लावायचं व्हतं, त्याचं फूल सकाळी उमलतं."

आत्याचा चेहरा पडला. तिनं फुलांच्याच जिवावर हा सगळा घाट घातला होता. पण ती हार मानणारी नव्हती. "मग मुहूर्त हलवा," ती म्हणाली.

अण्णा खो खो हसले. "फुलापायी मुहूर्त हलविला म्हणलं तर गावात मला येड्यात काढतील! पण चालंल. गोरज धरू. आमच्याकडं पाहुणे बी तवाच मोकळे ऱ्हातात." त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांचे विहीणव्याही कमी आणि दोस्त जास्त झाली.

लग्नाच्या आठवड्यात नळाला पाणी आलंच नाही. टाकीतलं पाहुण्यांना प्यायला राखलेलं. वेल दुपारी माना टाकायला लागले. आत्या दारोदार बादल्या मागत फिरली, फक्त बाबांच्या खोलीच्या दारावर गेली नाही. आणि एका सकाळी जिन्यावर बाबांची पितळी बादली भरून ठेवलेली दिसली. आत्यानं वाकून वास घेतला. "साबण लावला नाही बाळूनं," ती म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली.

"म्हणजे बाबा येतील?" मी विचारलं.

"म्हणजे वेलाला पाणी दिलं. एवढंच धर," ती म्हणाली. पण पदर डोळ्यांना लावला तो तिनं बराच वेळ काढला नाही.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते घरही पाडलं, तिथं उंच इमारत उभी आहे. कुणी मला तिच्याबद्दल विचारलं की लोकांना तिच्या भाज्यांच्या गोष्टी हव्या असतात. मी त्या सांगतेही. पण मला स्वतःला ती दिसते ती त्या संध्याकाळची.

अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, वर पिवळी फुलं उमललेली. बाबा आले नव्हते. कन्यादान आत्याच करणार, असं तिनं गुरुजींना आधीच पटवून ठेवलं होतं. ती पाटावर बसली आणि जिन्यात चपला वाजल्या. बाबा आले. कडक इस्त्रीचं धोतर, नजर खाली. आत्या लगबगीनं पाट सोडून उठायला लागली.

"उठू नकोस, ताई," बाबा म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.

गुरुजींनी घसा खाकरला. "पत्नी नसल्यामुळं तिच्या जागी सुपारी ठेवून..."

"सुपारी कशाला?" बाबा म्हणाले. "पोरीला वाढवलं ती बसलीय ना इथं. आईनं धरायची ती पाण्याची धार हीच धरेल."

आत्याच्या हातात झारी दिली. माझा हात नवऱ्याच्या हातात, वर बाबांची ओंजळ, खाली कांस्याचं ताट. धार सुरू झाली. मंत्र संपला तरी धार चालूच. ताट भरलं, पाणी पाटावर आलं, बाबांचं धोतर भिजलं.

"पुरे, ताई, पुरे," गुरुजी म्हणाले.

बाबांनी ओंजळ हलवली नाही. "राहू द्या गुरुजी," ते म्हणाले, "आज ओतू द्या तिला."