मामाने न लावलेली पाटी

कल्पनाचा फोन आला तेव्हा मी सिल्व्हर पार्कच्या घरी जेवून नुकता आडवा झालो होतो. मामेबहीण दुपारची कधी फोन करत नाही. तिचं नाव दिसलं आणि मी उठून बसलो. तिला बोलूही न देता मी विचारलं, "फोडलं का दुकान?" ती म्हणाली, "दुकान हाय रे दादा. बाबा गेले." खुर्चीत बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाला थांब म्हणायला हात वर केला तो तसाच खाली आला, एवढंच. खोटं कशाला सांगू, रडू फुटायच्या आधी मला अर्धा श्वास बरं वाटलं होतं, की चला, दुकान तरी शाबूत आहे. त्या दिवसांत आम्ही सगळे इतके घाबरलेलो होतो की मरण ही त्यातल्या त्यात साधी बातमी वाटली.

हिराजीमामाला जाऊन आता दीड महिना होईल. नवघर रोडवर त्याचं उपवासाच्या सामानाचं आणि सुक्या मेव्याचं दुकान. आजोळ खारी गावातलं, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेलं. आजोबा खाडीच्या पाण्याचं मीठ पिकवायचे आणि त्यांचा मुलगा विकायचा डोंगरातलं, पाकिस्तानातून येणारं सैंधव. मोठमोठे फिकट गुलाबी दगड. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "दर्याचं मीठ सोरून माजा पोर धोंडं इकतंय." पण गिऱ्हाईक होतं. आजूबाजूच्या गुजराती आणि उत्तरेकडच्या बायकांना उपवासाला समुद्राचं मीठ चालत नाही. खारीकही तिकडचीच यायची. लाडवात घालायला बाळंतिणीच्या आया ती निवडून निवडून घ्यायच्या, आणि कुठल्या देशाची असं कुणी विचारत नसे. मग एका वर्षी तिकडच्या मालावर जबर कर बसला. माल दुबईला वळसा घालून, कपडे बदलल्यासारखा दुसऱ्या नावाने येऊ लागला. पुढे सरकारने सरसकट बंदी घातली आणि तीही वाट बंद झाली. मामाने तक्रार केली नाही. साबुदाणा, भगर, राजगिरा विकत राहिला. सैंधव म्हणून आता भलत्याच देशाचे दगड येतात, ते ठेवू लागला.

इथे माझ्याविषयी सांगायला हवं, कारण मामाच्या गोष्टीत माझं काम फक्त घाबरण्याचं आहे. मी विमा विकतो. लोकांना वीस वर्षं भीती विकली, पण त्या मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मीच. गॅसचं बटण तीनदा बघतो. दारावरची बेल वाजली की बायको हसत दार उघडते आणि मी आतून विचारतो, कोण आहे. तर अशा माणसाच्या सख्ख्या मामाने, सगळ्या बाजाराने लावलेली पाटी लावायची नाही असं ठरवलं.

पाटी साधीच होती. 'येथे पाकिस्तानी माल मिळत नाही.' बाजारातल्या दुकानदारांच्या बैठकीत ठरलं आणि शेजारच्या किराणा दुकानाचे जयंतीभाई सगळ्यांना एकसारख्या छापून घेऊन आले. रांगेतल्या प्रत्येक दुकानावर ती ठोकली गेली, चपलांच्या दुकानावरसुद्धा. मामाने मात्र आपली साबुदाण्याच्या पोत्यांमागे उभी करून ठेवली. त्याच बैठकीत त्याने उठून विचारलं होतं म्हणे, की ही बंदी किती वर्षं ठेवायची याचा कुणी इचार केलाय का, कवातरी उघडाला पायजेल का नको. बैठकीला मामाच्या बिल्डिंगमधले सुर्वे आले होते, लष्करातले निवृत्त हवालदार, मामाचे रोजचे चहाचे सोबती, ते तेवढे बोलले. "हिराजी, मी माझ्या खांद्यावरनं मेलेली माणसं डोंगरातनं खाली आणलीत. तुझं मीठ त्यांच्यापेक्षा जड आहे काय?" मामा म्हणाला, "न्हाय." आणि बसला. पण पाटी लावली नाही. दुसऱ्या दिवसापासून सुर्वे चहाला यायचे बंद झाले, आणि ते मामाला सगळ्यात जास्त लागलं.

मग दोन तरुण मोटरसायकलवरून आले. ज्या दुकानावर पाटी नाही त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि काही न बोलता गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. तो फोटो बाजाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली एकाही शब्दाशिवाय. मी ऑफिसातून सुटलो की थेट नवघरला जाऊन मामाच्या दुकानात बसू लागलो. राखणदार म्हणून... माझ्याकडे बघून कुठला चोर थांबला असता देव जाणे. मोटरसायकलचा आवाज आला की मी राजगिऱ्याचा भाव वाचू लागायचो. रोजच्या बायका यायच्या, पण घाईत, बाहेर बघत. एक जण पुढच्या दुकानातून मीठ घेऊन गेली आणि जाताना मामाकडे बघून ओशाळं हसली.

जयंतीभाई रोज यायचे. हात जोडायचे. "हिराभाई, लगा दो ना. मेरे को भी कौन सा शौक है? माझ्या मुलाची दुकान आहे आता. कल तुमको कुछ हुआ तो बीच की दीवार एकच आहे." खरं तेच बोलत होते. मीही तेच म्हणत होतो, फक्त माझ्या म्हणण्यात विम्याची भाषा होती. जोखीम, नुकसान, कुटुंब. मामा ऐकून घ्यायचा आणि वजन करायचा. एका संध्याकाळी पाव किलो भगर मोजताना त्याच्या हातून थोडी भगर काट्याबाहेर सांडली. मला वाटलं वय झालं. मी म्हटलं, मामा, तुला भीती कशी वाटत नाही रे? गावातला माणूस, छाती ठोकून काहीतरी सांगेल म्हणून मी कान देऊन बसलो. तर तो म्हणाला, "फाटलीय रं माजी. कल्पीला गल्ल्यावं बसू देत न्हाय ते काय उगाच?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, शटर हल्ली अर्धंच वर असायचं. तो दाराकडे तोंड करून बसायचा. आम्ही दोघेही तिथे रोज घाबरून बसत होतो, फक्त त्याच्या मिश्या मोठ्या होत्या. मी म्हटलं, मग लाव की पाटी. तिच्यात खोटं काय आहे? तुझ्याकडे तिकडचा माल नाहीच. तो सांडलेली भगर गोळा करू लागला. "सुर्वे बोलतो ते खरं हाय," तो म्हणाला. "बंदी पायजेल तवर ठेवावी, ते सरकार बघंल. पन ती सरकारनं घातली, सरकार एक दिस उठवंल. ह्यो खिला आपून ठोकनार. लावाला एक खिला पुरं हाय भाच्या. काढाला कोन येनार? ज्यो पयला काढंल त्याचा फोटू निघंल." मी त्याच वेळी बाहेर थांबलेल्या एका मोटरसायकलकडे बघत होतो. पिझ्झावाला निघाला.

दुकान फुटलं नाही. दगड आला नाही, कुणी शिवी दिली नाही. रोज वाटायचं आज, आणि रोज काही व्हायचं नाही. डॉक्टर म्हणाले साखर होती, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. असेल. मी डॉक्टर नाही. मी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसायचो एवढंच.

खांदा द्यायला सुर्वे आले होते. तेरावं झालं आणि कल्पनाने दुकान उघडलं. त्या सकाळी जयंतीभाई आले, खुर्चीकडे बघून रडले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेटा, हिराभाई होते तोपर्यंत मी लोकांना सांभाळून घेतलं. आता तू एकटी बाई माणूस. मेरे से नहीं होगा." कल्पनाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. मग तिने पोत्यांमागून पाटी काढली, पदराने पुसली. जयंतीभाई लगबगीने हातोडी आणि खिळे घेऊन आले.

तिने ते घेतले नाहीत. खुर्चीवर चढली, गल्ल्यावरच्या रिळाची सुतळी दातांनी तोडली आणि पाटी शटरच्या वरच्या पट्टीला बांधू लागली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. मामा पुड्या अशाच बांधायचा. निरगाठ कधीच नाही, टोक ओढलं की सुटणारी सुरगाठ. एक टोक बोटभर मोकळं सोडायचा, घरी गेल्यावर बाईला दात लावावे लागू नयेत म्हणून. कल्पनाने ते टोक पाटीच्या मागे सरकवलं, खाली उतरली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ.

रस्त्यावरून दिसतं ते बरोबर आहे, सगळ्यांच्या पाट्यांसारखंच आहे. जयंतीभाई निश्चिंत झालेत. बंदी उठेल की राहील, उठावी की राहावी, यावर बोलायला मी अजूनही घाबरतो. हे लिहितानाही बेल वाजली तर आतूनच विचारेन, कोण आहे. पण नवघर रोडवरून जाताना मान आपोआप वर होते. ते टोक ओढायची हिंमत माझ्यात नाही... कुठे आहे ते मात्र मला माहीत आहे.