आमच्या संस्थेचं लिनक्स आणि सगळ्यांचा संशय

पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरांवर विंडोजच्या जागी लिनक्स आलं आणि किस्से असे साचले की सांगायला बसलो तर चहा दोनदा मागवावा लागेल. इंजिनिअरिंग मी अर्धवट सोडलं, कारण शिकवणाऱ्यांनाच येत नव्हतं. आता इथली कॉम्प्युटर लॅब बघतो, तात्पुरता. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे दादा, पहिल्याच दिवशी म्हणाले, "लॅबच्या उद्घाटनाला व्हिडिओ चालला तर कायम करतो. न्हाईतर घरी!"

*

मुख्याध्यापकांनी व्हिडिओ लावला. आवाज आला, चित्र नाही!

मी म्हणालो, "सर, लिनक्स बनवणाऱ्यांनीच चित्र दाखवणारा भाग बंद ठेवून दिलाय. व्हिडिओच्या तंत्रावर पेटंट आहेत. तो भाग घालून वाटलं तर त्यांच्यावर अमेरिकेत केस होईल."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "केसची भीती अमेरिकेत, अन् चित्र पारनेरात दिसंना? खरं सांग, तू काय काढून घेतलं?"

या माणसाने जन्मभर पोरांच्या वह्या न उघडता तपासल्या. संशय मात्र बारकाईने!

*

लिनक्स फुकट आहे म्हटल्यावर क्लार्क नाना बिथरले. "फुकट देतोय म्हंजी आत बसून बघत असंल!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या मॉनिटरांच्या वरच्या कडेला चिकटपट्टी.

"नाना, यांना कॅमेराच नाही!"

"तेच तर! दिसत न्हाई तोच लई डेंजर!"

*

सरांना पत्रांसाठी नेहमीचाच फॉन्ट हवा होता. तो लिनक्ससोबत देता येत नाही. ज्याने त्याने अटी मान्य करून आपला आपण उतरवायचा. खाली बटण: 'मान्य आहे'.

सर बटण दाबेनात. संस्थेची बैठक बोलावली. विषय: बटण दाबणे. सूचक ठरले, अनुमोदक ठरले.

मी म्हणालो, "आधी अटी वाचा तरी!"

कोषाध्यक्ष दचकले. "वाचल्या तर जबाबदारी येती!"

ठराव एकमताने मंजूर.

*

शेवटी व्हिडिओसाठी मीच मूळ सोर्स कोड उतरवला, त्यातली बंद ठेवलेली सेटिंग चालू केली आणि व्हिडिओचा प्रोग्रॅम बनवला. बनताना पडद्यावर स्पष्ट आलं: स्वतः वापरा, पुढे वाटू नका. चित्र लागलं!

सर म्हणाले, "बघा! म्हंजी याच्याकडं हुतंच!"

*

उद्घाटनाला व्हिडिओ झकास चालला. दादांनी माईक ओढला, "तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला हे पेनड्राइव्हवर मोफत वाटणार!" पाकिटं आधीच छापून तयार, वर दादांचा हात जोडलेला फोटो, खाली 'वाटणारे' म्हणून नाव.

मी त्यांना स्टेजमागे गाठलं. "दादा, हे वाटायला बंदी आहे. आपल्या लॅबमध्ये चालतं, बाहेर द्यायचं नाही."

दादांनी डोळे बारीक केले. "एकट्याला इकायचंय व्हय रं?"

"नाही. केस वाटणाऱ्यावर होते. पाकिटावर वाटणारे म्हणून तुमचं नाव आहे."

शेजारी उभ्या सरांना एकदम तहान लागली. ते गेले.

दादांनी एक पाकीट उचलून त्यावरचं नाव वाचलं. मग माझ्या खांद्यावर हात टाकला.

"तुला कायम व्हायचं हाय ना? मग फोटो राहू दे माझा. वाटणारा म्हणून नाव तुझं टाक!"