अंगावरचा टाका

मंगरूळपीरच्या एका लहान बाळांच्या दवाखान्यात लायबा कॉम्प्युटरचं काम पाहते. माऊस रुसला, प्रिंटर अडला की लोक तिच्याच नावाने ओरडतात. पण तिचं खरं काम आतल्या खोलीतल्या सर्व्हरचं. काचपेट्यांतल्या बाळांचे ठोके, श्वास तारेने त्याच्यात येतात नि नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसतात. काही बिनसलं की बोंब मारणारा तोच.

त्या आठवड्यात कळलं, की या सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळं यंत्र ज्याच्या जोरावर चालतं त्या गाभ्यात, एक भोक सापडलंय. त्यातून चोर शिरला तर सगळा कारभार कुलूपबंद. भोक बुजवायचं तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, नि तोवर पडदा काळा. पेट्या भरलेल्या, नर्सा मोजक्या. त्यातल्याच एका पेटीत लायबाच्या भावाची, अजहरची, दिवस भरण्याआधी आलेली पोर. इकडे आड, तिकडे विहीर.

एक तिसरी वाट होती: चालत्या यंत्रालाच ठिगळ लावायचं. घरच्या जुन्या मशीनवर तिने ते करून पाहिलं होतं आणि जमलंही होतं. पण घरच्या मशीनवर कोणाचा श्वास अवलंबून नव्हता. डॉक्टर म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर," आणि मोकळे झाले. मोठ्या माणसांना हे फार छान जमतं.

लायबाचे अब्बू, सैफुद्दीन, दर्ग्याच्या रस्त्यावर कपडे शिवतात. नातीपायी दुकान बंद ठेवून ते दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसले होते. लेकीचा बेत ऐकून म्हातारा भडकला.

"अंगावरच्या सदऱ्याले टाका घालते का कोनी? सुई लागते माणसाले! पयले सदरा काढाले सांग."

"काढता येत नाई, अब्बू. त्या सदऱ्यात आपली पोरगी हाय."

सैफुद्दीन काचेकडे वळून पेट्या पाहू लागले. मग म्हणाले, "असं असलं तं दातात दोरा दे. अंगावर शिवाचंच झालं, तं आमी त्या माणसाच्या दातात दोरा देतो. लोक म्हनतात शकुनासाठी. शकुन कायचा! दोरा धरला की तो बोलत नाई, हालत नाई. मंग सुई लागत नाई."

लायबा उठली. होत्या तेवढ्या नर्सा तिने पेट्यांपाशी उभ्या केल्या, आणि मी सांगेपर्यंत कोणी कीबोर्डला बोट लावायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. मग तिने ठिगळ सोडलं.

या ठिगळाची रीत अशी, की जुन्या वाटेवर असलेलं काम मध्येच ओढायचं नाही. ते बाहेर पडलं की मगच नव्या वाटेला लागतं. एकेक काम वळत गेलं. शेवटचं एक मात्र अडून बसलं. जबरदस्तीने ढकलायची सोय होती. लायबाचा हात तिकडे गेला, पण तिने हात मागे घेतला आणि अडलंय कोण ते शोधलं. निघाला याच सर्व्हरवरून छापणारा काउंटरवरचा प्रिंटर, कागद अडकून ठप्प.

"फुलचंदभाऊ, हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"म्या कुठी लावला?" काउंटरवर बसणाऱ्या फुलचंदने दोन्ही हात वर केले. "पयलेच सोडलेलं, ते आपोआप छापून राह्यलं होतं."

त्याने अडकलेला कागद ओढून काढला. प्रिंटर कुरकुरला, उरलेली पानं बाहेर पडली, आणि ते शेवटचं कामही वळलं. पडद्यावरच्या रेघा होत्या तशाच चालत राहिल्या.

"आता सुरू करता काय, ताई?" पेटीजवळून सोनीबाई नर्सने विचारलं.

"झालं," लायबा म्हणाली.

कोणाचा विश्वासच बसेना. काहीच कसं घडलं नाही!

पोर जन्मल्यापासून लायबाने तिला एकदाही पाहिलं नव्हतं. तोंड पाहिलं तर कामाच्या वेळी हात कापेल, म्हणून ती काचेकडे पाठ करून ये-जा करायची. आता ती पेटीपाशी गेली. ओंजळभर जीव, टोपी डोळ्यांवर आलेली, छाती भराभरा वरखाली होत होती.

"फुप्पी आली गं तुई," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहून पोटभर रडली.