धुतलेल्या चपला

शेवटचं आमी दोघा नवरा-बायकोनी मिळून काय केलं, तर पावट्याच्या शेंगा सोलल्या. ओटीवर बसून, उन्हं कलताना. सोलता सोलता ती म्हणाली, "एकदा परत विचारा की त्यांना. म्हणावं, म्हातारी काय चोरी करायला येत न्हाई. तितल्या सरकारला लेकी न्हाईत का?"

मी म्हणालो, "नियम हाय त्यांचा."

त्या एका बोलण्यापायी आज लिहायला बसलोय. भावकीत कुणाच्या कानावर घातलं न्हाई, देवापुढंसुदिक तोंड उघडलं न्हाई. शाळा माझी चौथीपातूर, तवा वाकडंतिकडं होईल. पण सांगणार.

आमची मंगल — एकुलती एक लेक — नवऱ्यासंगं बोट्सवानात राहती. आफ्रिकेच्या पार खालच्या अंगाला हाय तो मुलूख. जावई तितं खाणीतल्या मशिनी दुरुस्त करतो. मंगलला दिवस गेले, तसं तिनं बाळंतपणाला आईला बोलावलं. मी गुरांजवळ राहायचं, आणि जावयाच्या वळखीचं एक कुटुंब पुण्याहून निघणार होतं, त्यांच्या सोबतीनं हिनं जायचं, असं ठरलं.

हौसा, माझी बायको, वेल्ह्याच्या बाजारापलीकडं फारशी गेलेली न्हाई. पासपोर्टाला पुण्याला नेली तर बोटांचे ठसेच उठंनात. लावणी करून, राखेनं भांडी घासून रेघा झिजलेल्या. साहेब परत परत बोट दाबायला लावी. ही त्याला म्हणाली, "बोटं चुलीत गेली माझी. आता कोपर घेता का?" साहेब हसला. मला हसू आलं न्हाई. ही खरंच जाणार, हे मला तवा पैल्यांदा कळलं.

मंगलनं फोनवर तितले नियम सांगितले. व्हिसा आल्याबिगर विमानात घेत न्हाईत. आणि तितं गुरांना लई जपत्यात — लाळ-खुरकताचा रोग बाहेरून येऊ नये म्हणून तूप, दही, मटण, बियाणं, काही न्यायचं न्हाई. गोठ्यातल्या चपला घालून तर यायचंच न्हाई. हौसानं बाळंतिणीसाठी तूप कढवून ठेवलं होतं, ते मुकाट्यानं फडताळात मागं सारलं. म्हणाली, "गुरांना एवढं जपणारी माणसं वाईट नसायची." मग नव्या चपला आणल्या. अंगणातून घरात आणताना माती लागली असंल म्हणून तळ राखेनं घासले, उन्हात वाळवले, आणि चपला पिशवीत बांधून खुंटीला टांगल्या. त्या घालून ती एकदासुदिक गोठ्याकडं गेली न्हाई. अनवाणी धारा काढायची, पण त्या चपला न्हाई.

आता खरं सांगायचं ते. आमच्या वाडीत, पासली गावाच्या वरच्या अंगाला, मोबाईलला रेंज न्हाई. रेंज वर डोंगरातल्या खिंडीत. हौसाचे गुडघे गेलेले, तिला चढ चढवत न्हाई. म्हंजी मायलेकींच्या मधी कोण? मीच. हिचं बोलणं वर न्यायचं, तिचं खाली आणायचं. टपाल्याचं काम होतं. आणि टपाल्यानंच —

व्हिसा आला. खिंडीतच फोनवर आला. मंगल रडत होती आनंदानं. म्हणाली, आईला आत्ताच्या आत्ता सांगा. मी व्हय म्हणालो. खाली उतरलो. हौसा दारातच उभी. आणि म्या सांगितलं, "न्हाई दिला. वय झालंय म्हणाले."

दोन दिसांनी परत वर चढलो आणि मंगलला सांगितलं — आई ऐनवेळी न्हाई म्हणती. विमानाला भेती.

मग ती म्हणाली, "बरं. तिला म्हणावं, जप." बस. एवढंच.

का केलं असं? दुसरं-तिसरं काही न्हाई. मला चहासुदिक करता येत न्हाई. चुलीपुढं एकटा बसायला भ्यालो. आणि आणखी एक हाय, तेही सांगतो — निघायच्या त्या सगळ्या घाईत तिनं एकदाही विचारलं न्हाई, तुमी कसं राहाल. त्याचा राग आला होता. म्हातारपणी असला राग! एका बाईला तिच्या लेकीपासून तोडायला तेवढा पुरला.

नातू झाला. हौसानं तो फोटोतच बघितला, माझ्या हातातल्या फोनवर. फोटोवर बोट फिरवायची. व्हिसाची मुदत कधीच संपून गेली होती. पण चपला खुंटीलाच. सणाला ती परत राखेनं घासायची, परत टांगायची. मंगल मात्र आईचं विचारणं कमी करत गेली. मला कळत होतं का? कळत होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी खिंडीत जायचो, भाताचं बोलायचो, पावसाचं बोलायचो, आणि खाली यायचो.

हे लिहून झालं की वर चढणार हाय. मंगलला सगळं वाचून दाखवणार. तिनं मधीच फोन ठेवला तरी मी शेवटापातूर वाचणार. पण शेवटचं हाय ते वाचायच्या आधी लिहावं लागंल, म्हणून लिहितो.

त्या पावट्याच्या शेंगा सोलल्या, आमटी-भात जेवलो, आणि त्याच रात्री हौसा झोपेत गेली. सकाळी हाक मारली तर ओ न्हाई. हात लावला तर गार. उशाला दिवा लावायला तूप पायजे, म्हणून फडताळातलं ते मंगलचं तूप काढलं, वात भिजवली, दिवा लावला. मग वर बघितलं. खुंटीला पिशवी. मनात आलं, मंगल आता येणार. चपला बघणार. आई तयार होती, हे तिला कळणार.

शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी म्या पिशवी खाली काढली. चपला गोठ्यात नेल्या. शेणात टाकल्या आणि पायानं तुडवल्या, जुन्या दिसतील एवढ्या. मग खिंड चढलो आणि आई गेली, एवढंच सांगायला लेकीला फोन लावला.