नेरळपर्यंत पाढे म्हणत

बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात मित्र म्हणाला, "एकदा रात्रभर सायकल चालवायची. नेरळपर्यंत." त्याच्या वडिलांचा उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, जीन्स शिवायचा छोटा कारखाना होता. त्यांनी त्याला नवी माउंटन बाईक घेऊन दिली होती. जाड टायरची, गिअरवाली. आमच्या वर्गात तशी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मी अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायचो आणि वडिलांची काळी सायकल चालवायचो.

दहाच्या सुमारास अंबरनाथहून निघालो. बदलापूरपर्यंत रस्त्याला दिवे होते, तोवर तो पुढे होता. वस्ती संपली तसा मागे पडू लागला. मी डिवचलं, "गिअर काय शोभेला आहेत?" वांगणीच्या अलीकडे मागून धाडकन आवाज आला. वळून पाहतो तर मित्र रस्त्याकडेच्या चरात, अंगावर सायकल. रस्ता वळला होता आणि तो सरळ गेला होता.

त्याचं कोपर सोललं होतं. सायकल उचलत मी म्हणालो, "एवढं मोठं वळण दिसलं नाही तुला?"

"नाही दिसलं. रात्री मला जवळजवळ काहीच दिसत नाही यार. तुझ्या चेनच्या आवाजावर येत होतो."

मग तिथेच कडेला बसून त्याने सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी तो एकटाच मुंबईला डॉक्टरांकडे जाऊन आला होता. दुखणं डोळ्यांच्या पडद्याचं होतं. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, मग हळूहळू बाकीचं. औषध नाही. घरी अजून सांगितलं नव्हतं. पुढे सायकल चालवता येणार नाही, म्हणून ही एक रात्र त्याला हवी होती.

संध्याकाळी मैदानावर त्याच्या हातून झेल सुटायचे, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच असायचो. पहिलीपासून शेजारी बसत होतो आम्ही, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"परत जाऊ या," मी म्हणालो.

"परतीचा रस्ता काय कमी काळोखा आहे? तू बोलत राहा, मी येतो."

मग मी बोलत राहिलो. खड्डा, उतार, आता डावीकडे. समोरून ट्रक आला की दोघंही उतरून कडेला उभे राहायचो. मधल्या वेळात मी शाळेचं बोललो, घरचं बोललो, कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. चेहरे दिसत नव्हते म्हणून सोपं गेलं असावं. शेवटी बोलायलाच काही उरलं नाही, तेव्हा पाढे म्हणायला लागलो. एकोणतिसाच्या पाढ्यात अडलो, तर मागून त्याने पुढचा आकडा सांगितला.

नेरळ जवळ आलं तेव्हा डोंगरामागे फटफटत होतं.

"आता बोलू नकोस," तो म्हणाला. "तुझा शर्ट दिसायला लागला."

चहा घेऊन उन्हातून परत निघालो. येताना तो इतका जोरात होता की मला गाठता आलं नाही. बदलापूरला एका टपरीपाशी माझी वाट बघत उभा होता.

त्याच संध्याकाळी त्याने कारखान्यात वडिलांना सांगितलं. मला मुद्दाम बरोबर बसवलं होतं. वडिलांनी मशीन थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून त्यांच्या नेहमीच्या हिंदीत विचारलं, "तेरे सामने गिरा था?"

"हो काका," मी म्हणालो.

ते बराच वेळ हातातली जीन्स उलटसुलट करत राहिले. मग उठले, दुकानातून मोठा बल्ब घेऊन आले आणि स्टुलावर चढून कारखान्याच्या काळोख्या जिन्यात लावला.

त्याची नजर तिशीपर्यंत टिकली. आज तोच कारखाना तो बोटांवर चालवतो. शिलाई सरकली असेल तर अंगठा फिरवून सांगतो. एकदा मी त्याला विचारलं, त्या बल्बचा तुला काही उपयोग झाला का? म्हणाला, "थोडाच. पण मी तो कधी कुणाला बंद करू दिला नाही."